वायपरचं काम निघालंय

बहात्तरच्या साली आमच्या गावावर ढगाचा एवढासा तुकडासुद्धा फिरकत नव्हता, आणि त्याच साली आमच्या अंगणात मोटारीच्या काचेवरचं पाणी पुसणाऱ्या वायपरची दुरुस्ती चालली होती. लोकांच्या विहिरींना तळ लागले होते, जनावरं छावणीत गेली होती, आणि आम्ही एका जुन्या जीपच्या काचेवर तांब्याने पाणी ओतून 'आता पुसतोय का?' म्हणून माना तिरप्या करून बघत होतो. गावाने आम्हाला वेडं ठरवलं. त्यात गावाचं काही चुकलं नाही. मी त्या घरची सून नसते, शेजारीण असते, तर मीही ठरवलं असतं आणि वरून दोन शब्द पदरचे घातले असते.

जीप सासऱ्यांची. मी त्यांना मामंजी म्हणायची. ते मिलिटरीत ड्रायव्हर होते आणि पेन्शनीत आल्यावर नगरला लष्कराच्या कंडम गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा त्यांनी ही जीप घेतली होती. एवढ्या ढिगातून हीच का, तर ही आपण स्वतः चालवलेली आहे असा त्यांचा दावा होता. खरंखोटं ते आणि जीप जाणे. गाव त्यांना हवालदार म्हणायचं. तो हुद्दा त्यांना पलटणीने कधी दिला नव्हता, गावाने परस्पर बढती दिली होती, आणि मामंजींनी ती नाकारली नव्हती.

माझं माहेर नगर शहरातलं, मी मॅट्रिक झालेली. सासर सुप्याच्या बाजूला, पुण्याच्या रस्त्यापासून आत. नवरा पलटणीत, कुठेतरी बर्फात. तो सुट्टीवर येईपर्यंत घरात आम्ही तिघंच: मामंजी, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि मी. जीप धरली तर चौघं. जीप धरलीच पाहिजे, कारण आमच्या घरातलं निम्मं बोलणं तिच्यामार्फत होत असे.

त्याचं असं होतं. सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी तिकडची पद्धत. पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि जे काय सांगायचं ते सासूकडून. पण आत्याबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. जमीन होती, पण त्या साली जमिनीत काय होतं? त्या दिवसभर बाहेर, आणि घरात मी आणि मामंजी. मध्ये कोणीतरी हवंच. मग मी जीपच्या बॉनेटकडे तोंड करून म्हणायची, "चहा झालाय म्हणावं." मामंजी स्टिअरिंगला सांगायचे, "साखर घातली का इचार." मी मडगार्डला उत्तर द्यायची, "साखर कालच संपली." असे आम्ही दोघं त्या लोखंडाशी बोलत बसायचो. जीप बिचारी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि चहाड्या करायची नाही. सासरच्या माणसांत हा गुण मला फक्त तिच्यातच आढळला.

त्या वर्षी घर जीपवर चाललं होतं. गावाच्या माळापलीकडे दुष्काळी कामाचा नवा रस्ता होत होता. तिथल्या साहेबांना न्यायचं-आणायचं आणि मजुरांना वाटायच्या सुकडीची, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाची, पोती पोचवायची, हे काम मामंजींना मिळालं होतं. जीप उभी राहिली तर आमच्याकडे आत्याबाईंच्या हातातली हातोडी तेवढी उरणार होती.

आणि जीपला उभं करणारी एकच गोष्ट होती. ब्रेक अंमळ उशिरा लागायचे, त्याचं मामंजींना काही नाही. हॉर्न घसा बसलेल्या कोंबड्यासारखा, त्याचंही नाही. पण वायपर चालत नसेल तर गाडी जागची हलवायची नाही. फार पूर्वी कुठल्याशा डोंगरात, धो धो पावसात, त्यांच्या पुढच्या गाडीचा वायपर बंद पडला होता आणि ती गाडी वळणावर सरळ गेली होती. चालवणारा त्यांच्या ताटात जेवणारा होता. एवढंच ते सांगायचे.

पाऊस नव्हता हे खरं, पण धूळ होती. नव्या रस्त्याचा मुरूम आणि खडीची पांढरी फकी काचेवर अशी बसायची, की मामंजी मिलिटरीतली पाण्याची बाटली बाहेर हात काढून काचेवर शिंपडायचे आणि वायपर सुरू करायचे. काचेवर चिखल, आणि चिखलातून पंख्याच्या आकाराची एक फट. त्या फटीतून आमचं घर चाललं होतं.

एके दिवशी घरी आल्यावर ते जीपला म्हणाले, "वायपर कड पुसत न्हाई."

मी म्हटलं, म्हणजे जीपला म्हटलं, "रबर वाळलं असेल."

वाळलंच होतं. उन्हाने त्याची काडी झाली होती. आत्याबाईंनी सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी विळीवर कापून दिली, कापताना पुटपुटत, "हितं तोंडावर माराया पानी न्हाई आन् काचंला आंगूळ." मामंजींनी पट्टी बसवली. मी भांडी विसळलेलं पाणी एका घमेल्यात साठवून ठेवलं होतं, ते ओतलं. वायपरने ते पाणी, त्यातली दोन शितं आणि भाजीचं एक पान काचभर फिरवलं.

"कड तशीच हाय," मामंजी म्हणाले.

"शितं तरी वेचा," आत्याबाई म्हणाल्या. "कोंबडीला व्हतील."

मग मामंजींनी नळीवर संशय घेतला. हा वायपर विजेवर चालणारा नव्हता. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर चालायचा. इंजिनापासून एक रबरी नळी काचेच्या वर बसवलेल्या डबीपर्यंत जायची आणि त्या ओढीने डबीतला पत्रा इकडून तिकडे हलायचा. त्यामुळे याचं वागणं जगाच्या उलट. गाडी उभी असली की तो थयथय नाचायचा. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी पडून हा अर्ध्या काचेत गप्प. म्हणजे गरज नसताना उत्साह आणि गरजेला मौन. मी जीपला सांगितलं, की असे माझे दोन मामा आहेत. स्टिअरिंगमागे मामंजींच्या मिशा हलल्या, पण सासरा सुनेच्या विनोदाला हसत नाही, म्हणून ते खोकले.

नळीला चिरा होत्या. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सलाईनची जुनी नळी दिली. ती इतकी मऊ, की इंजिनाने ओढ घेतल्याबरोबर तिची आतली अंगं एकमेकांना चिकटली आणि वायपर जागच्या जागी थरथरायला लागला. अंगण माणसांनी भरलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "हवालदार, त्येला ताप आलाय. सलाईन उलटं लावलंय तुमी." लोक हसून घरी गेले. मामंजी उन्हात तसेच उभे राहिले. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, मीही हसले होते. पण त्यांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, ते बोट डोळ्यांसमोर धरलं, मग हळूहळू बाजूला नेलं आणि पुन्हा समोर आणलं. हे त्यांनी दोन-तीनदा केलं. मी ते पाहिलं आणि विसरून गेले. विसरायचं ठरवलं, असं म्हणणं जास्त खरं.

नगरला मिस्त्री होता. त्याच्याकडे मी मामंजींबरोबर गेले, कारण मला माहेरी डोकवायचं होतं. मिस्त्री म्हणजे नाटक कंपनीतून पळून आलेला माणूस. जीपभोवती त्याने एक फेरी मारली, टायरला लाथ मारली, आकाशाकडे पाहिलं.

"हवालदार," तो म्हणाला, "बिघाड नाही सापडला तर मिशी उतरवीन."

त्याला मिशी नव्हती. मी ते जीपला दाखवून दिलं.

"ह्या कोण?"

"सूनबाई," मामंजी म्हणाले. "गाडीशी बोलती ती. तू तुजं काम कर."

मिस्त्रीने ती डबी खोलली. आत पत्र्याच्या कडेला कातडं असतं. ते वाळून आक्रसलं होतं, म्हणून हवा निसटत होती. त्याने कातड्याला तेल पाजलं, जाड नळी लावली, आणि वायपर चालला. खरोखर चालला, थोडा लंगडत. परतीच्या वाटेवर माळ, निवडुंग, पानं झडलेल्या बाभळी. सगळीकडे एकच मातकट रंग, जणू कोणी त्या मुलखावर राख शिंपडली होती. सुप्याजवळ आल्यावर मामंजी स्टिअरिंगला म्हणाले, "पैसं फुकट. कड तशीच हाय."

मग तेलाचा शोध लागला. शनिवारी साहेबांना सुट्टी असली की मामंजी शिंगणापूरचे भाविक न्यायचे. देवाला तेल वाहून आलेल्या माणसांचे हात तेलकट. जीपला दारं नाहीत, म्हणून चढताना जो तो काचेची चौकट धरणार. शनीचं तेल काचेवर चढलंय, आता वायपर काय करील, असं मामंजींनी जाहीर केलं. आत्याबाईंचा चेहरा उजळला. यंत्राचा दोष त्यांना कधी पटला नव्हता, देवाचा पटला. पण पंचाईत अशी, की देवाचं तेल फडक्याने पुसून ते फडकं टाकायचं कुठे? शेवटी त्यांनी चुलीतली राख आणली, काचेच्या पाया पडल्या आणि ती घासघासून अशी लख्ख केली, की चिमणी येऊन तिच्यावर आपटली.

"आता?" त्यांनी विचारलं.

मामंजी आत बसले. बराच वेळ बघत राहिले. त्या अंगणात इतकी आशा मी पुन्हा कधी पाहिली नाही. राखेने माखलेले आत्याबाईंचे हात आणि माझ्या हातात तांब्या.

"मधी लई ग्वाड दिसतंय," ते म्हणाले. "कडंला न्हाई."

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दिवस मावळताना आत्याबाई कामावरून आल्या. रोज येताना लांबूनच त्यांची बडबड ऐकू यायची. रस्त्यावरच्या मुकादमाचं काय काय वाळून जावं याची यादी असायची ती. त्या दिवशी गप्प. त्यांनी डोक्यावरची लोखंडी पाटी अंगणात ठेवली. पाटी एका बाजूने भाकरीसारखी चपटी झाली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"आपल्या गाडीनं उडवली."

मामंजी आत हातपाय धूत होते. त्या वर्षी हातपाय धुणं म्हणजे ओलं फडकं फिरवणं. त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"रस्त्याच्या कडंला बसलो हुतो आमी," आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "समद्या बाया रांगंनं. गाडी आली. म्या हात केला, म्हनलं आपलं मानूस हाय. त्ये सरळ म्होरं बघत हुते. पाटी गेली आन् गाडी बी गेली. थांबलं न्हाई. त्यास्नी कळलंच न्हाई गं."

"तुम्ही कुठे होतात?"

"पाटीच्या मागं."

मी चुलीपाशी गेले आणि उगाच लाकडं सारली. एकेक गोष्ट आपणहून येऊन माझ्यासमोर उभी राहायला लागली. मडगार्डवर ठेवलेला चहाचा कप घ्यायला मामंजींचा हात हल्ली आधी हवेत फिरायचा. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा. मी बाजूने गेले की दचकायचे. आणि ते बोट, डोळ्यांसमोरून बाजूला जाणारं. वायपर बिघडला होता, यात खोटं काही नाही. रबर वाळलं होतं, नळी फुटली होती, कातडं आक्रसलं होतं. एवढे खरे बिघाड निघत गेले म्हणूनच आम्ही तिघं इतके दिवस सुखात राहिलो.

त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं बसलेली असायची. सगळा मुलूख त्या साली रस्त्याच्या कडेला येऊन बसला होता. पोरं पाटीच्या सावलीत निजवलेली असायची.

रात्री जेवताना मामंजी म्हणाले, "आज कड लई वंगाळ पुसली."

नवऱ्याला आत्याबाई कशावरूनही बोलायच्या, मिठावरून, मिशीवरून, मिलिटरीवरून. यावरून त्यांना बोलता येईना. जो माणूस गाडीशिवाय दुसरं काही नव्हताच, त्याला हे कसं सांगायचं? आणि मी तर सून. माझ्याकडे एक जीप होती, आणि जीपला सांगून हे होण्यासारखं नव्हतं.

मग मी मला जमेल ते केलं. सकाळी उठून बॉनेट उघडलं आणि वायपरची नळी उपसून काढली. रिकाम्या कणगीत टाकली. त्या साली कणगीत कोण बघतं?

मामंजींनी गाडी चालू केली, वायपर बघितला, बंद केली. "नळी गेली," ते म्हणाले. "चोर बी कसं चोर. टायर सोडून नळी नेत्यात." नियम तो नियम. गाडी त्या दिवशी हलली नाही. साहेब बैलगाडीतून गेले आणि जाताना नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी मी कणगीत हात घातला तर नळी नाही. आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "तळाशी हाय. वर पोतं टाकलंय. तू लई वरवर ठिवली हुती." आणि भाकरी उलटली. त्याखेरीज आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही. इतकी जवळीक माझी आईशीही कधी झाली नव्हती.

पण नळीविना गाडी किती दिवस उभी राहणार? साहेबांनी दुसरी गाडी बघायला सुरुवात केली. मामंजींनी नगरच्या मिस्त्रीला निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी होती, आणि त्याच दिवशी तो एस.टी.तून उतरला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तलवारीसारखा ट्रकचा लांब वायपर.

"हवालदार, आज कडेची कड काढतो," तो अंगणात येत ओरडला.

माणूस नाटकी, पण हात सोन्याचा. ट्रकचा वायपर त्याने जीपच्या काचेएवढा कापला, दांडी वाकवून बसवली, नवी जाड नळी लावली आणि दोन्ही टोकं तारेने आवळली. "आता चोराचा बाप आला तरी निघणार नाही," तो म्हणाला. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

मामंजी आत बसले. इंजिन सुरू झालं. मी घमेल्यातलं पाणी ओतलं. वायपर एका कडेपासून निघाला तो दुसऱ्या कडेला चौकटीवर टक् करून आपटला, आणि परत टक्. काचेवर थेंब राहिला नाही. डाग नाही, रेघ नाही. त्या काचेतून मला मामंजींच्या मिशीचा केस न् केस दिसला.

"कसं?" मिस्त्रीने कमरेवर हात ठेवले. टाळ्यांसाठी तो थांबला होता.

"मधी झ्याक," मामंजी म्हणाले. "कड तेवढी ऱ्हायली."

"कुठली कड?"

"डावी. उजवी बी."

मिस्त्रीने काचेच्या डाव्या कडेला बोट टेकवलं. "ही?"

"कुटं?"

"ही, माझं बोट आहे तिथे."

मामंजींनी मान वळवली आणि मग त्यांना बोट दिसलं. मिस्त्रीने खांद्यावरचं फडकं काढलं आणि ती कोरडी, लख्ख कड पुसली. निगुतीने पुसली, जणू तिथे खरंच काही होतं.

"आता?"

मामंजी म्हणाले, "आता बरी हाय."

खोटं बोलायला मिलिटरीत शिकवत नसावेत. इतकं वाईट बोललेलं खोटं मी दुसरं ऐकलं नाही. मिस्त्रीने चहासुद्धा घेतला नाही, आणि मजुरी घ्यायला विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई नेहमीसारख्या पाटी घेऊन कामावर गेल्या. जाताना दारात थांबल्या, पदर सारखा केला आणि निघाल्या. मामंजी खाकी शर्ट घालून बाहेर आले. मी बॉनेट उघडून नळीला हात घातला होता. तार बोटांनी हलेना. पावलं ऐकली तशी बॉनेट पाडलं आणि तिथेच उभी राहिले, गाडीच्या बरोबर समोर, काचेच्या मधोमध. कडेला उभं राहून उपयोग नव्हता.

ते बसले. इंजिन सुरू झालं. वायपर कोरड्या काचेवर टक् टक् करायला लागला.

"सूनबाईला म्हनावं, बाजूला व्हय," ते स्टिअरिंगला म्हणाले.

मी बॉनेटकडे बघितलं नाही. पदराच्या खालून सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"मामंजी, गाडी काढू नका."

सासऱ्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते. त्यांनी ते ऐकलं, पण घेतलं नाही. स्टिअरिंगलाच म्हणाले, "तिला म्हनावं, वायपर चालू झालाय."

"चालू झालाय, मामंजी. म्हणूनच काढू नका." आणि मग मला थांबता येईना. "कडेला आत्याबाई बसल्यात. त्या दिवशी तुम्ही उडवलीत ती त्यांची पाटी. त्या पाटीमागेच होत्या."

टक् टक्. टक् टक्. मामंजींचे दोन्ही हात चाकावर होते. मग त्यांनी किल्ली फिरवली. ओढ संपली तसा वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला, त्यांच्या आणि माझ्यामध्ये.

ते उतरले. मडगार्डला धरून पुढे आले, बॉनेट उघडलं, पकडीने तार सोडवली आणि नळी उपसली. तिची नीट गुंडाळी केली. मिलिटरीतली सवय, टाकायची वस्तूसुद्धा घडी करूनच टाकणार. आणि ती माझ्यापुढे धरली. माझ्यापुढे म्हणजे माझ्या जरा डावीकडे. मी सरकून त्यांच्या हातासमोर उभी राहिले.

"ही ठिव," ते म्हणाले. जीपला नाही, मला. "कनगीत. पयली बी तिथंच हाय न्हवं?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं आणि तोंडाने "हो" म्हटलं.

नगरच्या डॉक्टरकडे आम्ही एस.टी.ने गेलो. गावात सांगितलं, वायपरचा भाग आणायला चाललोय. डॉक्टरने डोळ्यांत प्रकाश टाकला, बोटं बाजूने आणून मोजायला लावली. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, म्हणाले. आधी कडा जातात, मग मधलंही जातं. गेलेलं परत येत नाही. थेंब देतो, त्याने जरा सावकाश जाईल. नेमका बिघाड सांगणारा माणूस आम्हाला त्या वर्षात पहिल्यांदा भेटला, आणि त्याच्याकडे सुटा भाग नव्हता.

"ती नस बदलता येत न्हाई का?" आत्याबाईंनी विचारलं. "दुसरी जाड बशिवली तर?"

डॉक्टर हसले नाहीत. नाही म्हणाले.

साहेबांचं काम दुसऱ्या गाडीला गेलं. मीही पाटी घेऊन आत्याबाईंशेजारी रस्त्याच्या कडेला बसायला लागले. त्या नव्या गाडीचा आवाज आला की आम्ही दोघी पोरं आत ओढायचो, कारण वायपर दुरुस्त असलेल्या गाड्यांवरचा आमचा विश्वास उडाला होता. जीप अंगणात उभी राहिली. कोणी विचारलं, "का हवालदार, गाडी बंद?" की मामंजी म्हणायचे, "वायपरचं काम निघालंय." गाव मान डोलवायचं. मला वाटतं सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण ज्या गावाने परस्पर बढती दिली, त्याने ती काढून घेतली नाही.

थेंबांनी काही झालं नाही. मधलंही गेलं, डॉक्टर म्हणाले होते त्याहून लवकर. तरी रोज सकाळी मामंजी अंदाजाने चार पावलं मोजत जीपपाशी जायचे आणि सीटवर बसायचे. नळी कणगीत होती, पेट्रोल नव्हतं, पण त्या डबीला आतून एक छोटी मूठ असते, तिने वायपर हाताने फिरवता येतो. मी भांड्यांचं पाणी काचेवर ओतायची. ते मूठ फिरवायचे, सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"पुसली का गं कड?" ते विचारायचे. आता आमच्यामध्ये जीप लागत नव्हती.

काच स्वच्छ असायची. मी पलीकडून त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "नाही मामंजी, अजून जरा राहिलीय."

म्हणजे त्यांना उद्याचं काम उरायचं.